विहिरीत गेलेली नळी

नागपूर, ता. ४ मार्च १९७६

चि. मधुकर यास गोपिकाताईचा आशीर्वाद, तोही आज अर्धाच.

काहून गा, माझ्या देवघरातली वस्तू न विचारता उचलाले तुले काहीच वाटलं नाही? नव्या विहिरीले पाणी लागलं, गंगाजल सोडायचं होतं, तर मले मागायचं. काचेची बंद नळी दिसली की गंगाजल समजून खिशात घातली, अन् विहिरीत नेऊन फोडली! ते तुझ्या पोरीचं, तारीचं, कॉलेजातल्या प्रयोगाचं जड पाणी होतं. देवाजवळ कोणी हात लावत नाही, म्हणून पोरीनं तिथं ठेवलं होतं.

महिनाअखेरीस मुंबईच्या चुंबकाच्या यंत्रावर तिची पाळी आहे. तिचे सर म्हणून राहिले, की पोरगी निष्काळजी आहे, पाळी दुसऱ्याले देतो. ती तुझं नाव सांगत नाही. तू सरांले लिही, की नळी मी नेली.

गोपिका

नरखेड, ता. ८ मार्च

ती. ताईस मधुकरचा सा. न. वि. वि.

चुकलं माझं. पण बापानं मास्तराची माफी मागायची म्हणजे गावभर हसू. झालं ते बरंच झालं. खापरखेड्याच्या पावरहाउसातल्या मुलाकडचे तारीले पाहाले येऊन राहिले, तिले पाठवून दे. पाणी ते पाणी, त्यात शिकायचं काय? अन् माझी संत्री तर नाही ना मरणार? गडी विहिरीचं पाणी प्यायले भितात.

माया कमी करू नको.

मधुकर

नागपूर, ता. ११ मार्च

चि. मधुकर यास,

थेंबभर पाण्यानं संत्री मरत नाहीत. झाडाची काळजी आहे, पोरीची नाही!

पाणी ते पाणी मीही म्हटलं होतं. तारीनं स्वयंपाकघरात बसून सांगितलं, की पाण्यातल्या हायड्रोजनच्या अंगावर इलेक्ट्रॉनचा पदर असते, त्यानं चुंबकाचा जोर थोडा अडते. जोडीचा हायड्रोजन जड असला की तो पदर केसभर दाट होते. किती, तेच तिले मोजायचं आहे. पातळ पाण्यात कण एकमेकांले रेटतात, म्हणून वाफ करून मोकळे सोडायचे. मले अर्धं समजलं, अर्धं नाही. पण सांगताना पोरीची भाकर तव्यावर जळली, तिले भानही नव्हतं.

मुलाकडच्यांले मीच कळवलं, की पोरगी आत्ता येत नाही. चिडायचं तर माझ्यावर चीड. नवी नळी भरता येईल, पण गेलेली पाळी वर्षभर येत नाही. सर गुरुवारी नाव पक्कं करतात. तुझं पत्र आलं नाही, तर मी त्यांच्या खुर्चीपुढं उभी राहून सांगीन, की हिचा बाप देवघरातून चोरतो. अन् पोरगी माझ्याच घरी राहील, तू बोलाव की नको बोलावू.

आपली माया आहे तशीच ठेवायची असेल, तर सरांले लिहिलं की नाही, ते बुधवारच्या आत मले कळव.

गोपिका