यालचिन कोरकुतची माती कुठे व्हावी

मी, यालचिन कोरकुत, वय चोपन्न, लिफ्ट-मेकॅनिक, राहणार लिंझ, ऑस्ट्रिया, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे. शाळा पाचवीपर्यंत झाली. जर्मन आणि कायदा पुस्तकांतून शिकलो. फुप्फुसाचा रिपोर्ट सोबत जोडला आहे.

दोन खोल्यांचा फ्लॅट पत्नी हाजेरला. बाल्कनीचे दार उचलून लावावे लागते, हे तिला ठाऊक आहे.

हत्यारे सहकारी द्रागान याला. पाने मापाच्या क्रमाने ठेवले आहेत. तो क्रम मोडू नये.

मुलगी नेसरीन हिला माझी फाइल. त्यात काय आहे, ते इथे लिहून ठेवतो. माझ्याआधी एक भाऊ झाला आणि तीन महिन्यांत गेला. वडिलांनी त्याचेच नाव आणि त्याचाच जन्मदाखला मला लावला. आमच्या गावात तसेच करत. कागदावर मी तीन वर्षांनी मोठा होतो. ते मला सहन होईना. १९९८ साली तुर्कस्तानात गावाकडच्या कोर्टात जाऊन खरी तारीख लावून घेतली, नवी नोंद झाली. जुनी नोंद कारकुनाने रद्द केली नाही आणि मी ती तपासली नाही. आयुष्यात तेवढेच एक तपासले नाही. २००१ साली नव्या नोंदीवर तुर्की नागरिकत्व सोडले आणि इथले घेतले, कारण इथे दोन्ही ठेवता येत नाहीत.

पुढे इथल्या एका पक्षाने तुर्कस्तानची मतदार यादी मिळवली आणि ‘चोरून तुर्क राहिलेल्यां’ची यादी म्हणून भरसभेत फडकवली. त्यात माझा मेलेला भाऊ मतदार निघाला.

“नाव तुमचं, गाव तुमचं, आईबाप तुमचे,” अधिकारी म्हणाला. “मेला असेल तर मतदार यादीत कसा?”

माझे नागरिकत्व काढून घेतले. तुर्की वकिलातीत गेलो, तर तुम्ही आमचे नाहीत, म्हणाले.

शेजारीण पिख्लरबाईंनी मत त्याच पक्षाला दिले. मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, “ते तुमच्याबद्दल नव्हतं हो. तुम्ही वेगळे.” मी त्यांची लिफ्ट दुरुस्त करत राहिलो.

मशिदीच्या अंत्यविधी मंडळाचा मी बावीस वर्षे सभासद. शव विमानाने गावी नेतात. चिटणीस हिल्मी चहाच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाला, “तुला पाठवू कुठल्या पासपोर्टवर, उस्ता? तुर्कस्तानातल्या आपल्या नेत्याला शिव्या देताना नाही सुचलं?” सगळे हसले. त्याला मी माफ केलेले नाही.

म्हणून माझी माती लिंझच्या दफनभूमीतच व्हावी. जागा दहा वर्षांच्या मुदतीने मिळते. मुदत वाढवू नये. नेसरीनने अपिलात आणखी वर्षे घालवू नयेत. तिची नोकरी, तिची मुले आहेत. दगडावर नाव घातले, तर ते दोघांपैकी कोणाचे, हे पुन्हा सिद्ध करावे लागेल. म्हणून घालू नये.

हस्तलिखित मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, हे मी वाचले आहे. तरी बोलावले, कारण नुसत्या माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवत नाही.

लिंझ, १४ नोव्हेंबर २०२४
सही: यालचिन कोरकुत, जन्म ३ मार्च १९७०, नागरिकत्व नाही

साक्षीदार १: एडेलट्राउट पिख्लर
साक्षीदार २: हिल्मी सोयूत यांना दोनदा निरोप दिला. आले नाहीत.