गुडघ्याला दहापैकी किती?

प्रिय साडूभाऊंना,

वयाने तुम्ही लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर तुम्ही पडलात कारखानदार. नमस्कार लिहावा, तर ही पत्र टाकण्याआधी वाचते आणि म्हणते, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला कसला नमस्कार करता? तेव्हा दोन्ही पाठवतो आहे, सोसेल ते ठेवून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? मेहुणीबाईंनी दात काढला, की अजून तो आपणहून पडायची वाट बघताहेत? तुमच्या पेपरमिंटच्या कारखान्यातलं ते गोळ्या पाडायचं यंत्र दुरुस्त झालं का? (सहज विचारलं. आपल्या माणसांच्या यंत्राची चौकशी करू नये की काय?) इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेवढं लिहून मोकळा होतो. ठीक काही नाही.

माझा गुडघा तुम्हाला माहीत आहेच. (उजवा. डाव्याची अजून काही तक्रार नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते.) ज्या माणसाने सगळी नोकरी लिफ्टमधल्या स्टुलावर बसून लोकांना वरखाली नेण्यात घालवली, त्याने म्हातारपणी बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहावं, याला काय म्हणतात ते तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही ठरवा. आमच्या तळमजल्यावर शिंपीमास्तर राहतात, एकटेच. त्यांचाही उजवाच गुडघा. त्यांचं मशीन पायाने चालवायचं, त्यामुळे गुडघा बसला तसं मशीन बसलं, आणि मशीन बसलं तसा मुलगा मागे लागला, की ते विकून टाका आणि माझ्याकडे या. एक गिऱ्हाईक येऊन मशीन बघूनही गेलं. चाक फिरवलं, पट्टा ओढला, घोड्याचे दात तपासावेत तसं खाली वाकून सगळं तपासलं. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. मुलाच्या घरी काही वाईट नाही हो, पण तिथे त्यांना टीव्हीपुढची एक खुर्ची मिळणार, आणि इथे मला संध्याकाळी भांडायला माणूस उरणार नाही. (ही आहे, पण तिच्याशी भांडून जिंकता येत नाही.)

अशात मोठ्या दवाखान्याच्या संशोधन विभागाला गुडघे दुखणारी म्हातारी माणसं हवी आहेत असं हिच्या कानावर आलं. नवं औषध निघालंय, गुण येतो का ते बघायचंय. हिने आम्हां दोघांची नावं देऊन टाकली, जुनी वर्तमानपत्रं रद्दीत द्यावीत तशी. आधी सह्या. ढीगभर कागद. मी चौथीपर्यंत शिकलेला, मला पहिल्याच पानावर ‘क्वचित प्रसंगी’ असे शब्द सापडले आणि पुढे वाचवेना. लिफ्टचा दोरही क्वचित प्रसंगीच तुटतो असं आमचे साहेब सांगायचे, आणि स्वतः जिन्याने जायचे. मास्तरांनी एक ओळ न वाचता सही ठोकली. म्हणाले, “कोट घालताना अस्तर कोण वाचतं?”

तिथे बसायला लोखंडी खुर्च्या, आणि समोर भिंतभर चित्रं. वर मोठ्या अक्षरांत, ‘वैद्यकशास्त्राच्या प्रगतीचे टप्पे’. आत बोलावीपर्यंत ते टप्पे बघत बसायचं. मी ते इतक्या वेळा पाहिलेत की आता त्यात परीक्षेला बसू शकेन, आणि माझं प्रामाणिक मत असं, की त्यात भिंतीवर मिरवण्यासारखं थोडं आणि पडद्याआड ठेवण्यासारखं पुष्कळ आहे. पहिल्या चित्रात जहाजावरचा एक डॉक्टर. खलाशांच्या हिरड्या सडल्यात. याने काय करावं? दोघांना संत्री आणि लिंबं दिली, दोघांना व्हिनेगर, दोघांना चक्क समुद्राचं पाणी, अशा जोड्या लावल्या. संत्रीवाले बरे झाले आणि शास्त्राचं पाऊल पुढे पडलं. समुद्राचं पाणी पिणाऱ्यांचं चित्र काढलेलं नाही. मी त्या जहाजावर असतो तर माझ्या हातात कुठला पेला आला असता हे मला सांगायला नको. पुढच्या चित्रात एक डॉक्टर माळ्याच्या मुलाला गाईच्या देवीची लस टोचतोय, आणि नंतर खरी देवी टोचून बघतोय, आता होते का. माळ्याचंच पोर का, याचा खुलासा नाही. मग एकाने बायकोच्या हाताचा असा फोटो काढला की आतली हाडं दिसावीत. बायको घाबरली म्हणे. घाबरेल नाहीतर काय, एवढा एक फोटो काढला तोही असा! मग एकजण बशा न धुता सुट्टीवर गेला, परत येतो तर बुरशी, आणि त्या बुरशीतून मोठं औषध निघालं. मी घरात एक कप विसळायचा ठेवला तर जे निघतं त्याला प्रगती म्हणत नाहीत. मग एक पिळलेली शिडी. ती आपल्या सगळ्यांच्या आत असते म्हणे, वाडवडिलांपासून चालत आलेली. जन्मभर लिफ्ट चालवली आणि आतून निघाली शिडी! तरीच गुडघे दुखतात. सगळ्यात शेवटी एक मेंढी, जी हुबेहूब दुसऱ्या मेंढीसारखी केलेली आहे. मेंढ्या पाहिलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. दुसरीसारखी नसलेली करून दाखवली असती, तर मी टोपी काढली असती.

मास्तरांना मात्र यातलं एकच चित्र आवडायचं. दोन डॉक्टर आणि एक कुत्रा. त्या कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिन सापडलं, आणि मास्तर रोज सकाळी पोटात सुई टोचतात ती त्याचीच. प्रत्येक खेपेला ते त्या चित्रापुढे जरा उभे राहायचे. मी म्हटलं, “मास्तर, तो कुत्रा मेला.” म्हणाले, “म्हणून तर उभा आहे.” या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आत एक डॉक्टरीण. आपल्या नातीच्या वयाची, चष्मा नाकावरून सारखा घसरणारा, बोलायला गोड. (गोड बोलणाऱ्या डॉक्टरची मला भीती वाटते.) तिने सांगितलं, काहींना खरी गोळी मिळेल आणि काहींना कोरी, म्हणजे आत औषधच नसलेली, नुसत्या पिठाची. दिसायला दोन्ही सारख्या. पिवळ्या, गोल, मधोमध रेघ.

“मला कुठली?”

“मला माहीत नाही, आजोबा.”

“मग कोणाला माहीत?”

“इथे कोणालाच नाही.”

आणि हसली! म्हणजे घेणाऱ्याला पत्ता नाही काय घेतोय, देणाऱ्याला पत्ता नाही काय देतोय, आणि ही म्हणे जगातली सगळ्यात पक्की पद्धत. मी लिफ्ट अशी चालवली असती, की चढणाऱ्याला मजला माहीत नाही, मला माहीत नाही, दार उघडेल तिथे उतरा, तर त्याच दिवशी घरी बसवला असता. मग ती विचारायची, “गुडघ्याला दहापैकी किती?” शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. ज्याला शाळेत दहापैकी चारच्या वर कोणी दिले नाहीत, त्याला स्वतःच्या हाताने गुण द्यायला मिळाल्यावर तो हात आखडता घेईल का? मी नऊ दिले. मास्तर म्हणाले, “सव्वासात.” तिने पूर्ण आकडा मागितला, तर म्हणाले, “मापात मी खोटं बोलत नाही.”

आता ऐका. पंधरवड्यात माझा गुडघा सुटला. जिना असा चढायला लागलो की ही म्हणाली, जरा आवाज करत या, दचकायला होतं. नऊचे सहा झाले, सहाचे तीन. मी मनात म्हटलं, चला, जन्मात एकदा संत्री आपल्या वाट्याला आली. मास्तरांचं मात्र सव्वासात ते सव्वासातच. ते मशीनवर चादर टाकून त्याच्याकडे पाठ करून बसायचे. एकदा म्हणाले, “मला समुद्राचं पाणी मिळालंय, लिफ्टवाले. गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावतो.” साडूभाऊ, मी भित्रा असेन, पण दगड नाही. बाटल्यांवर नंबर होते म्हणून बाटल्या तशाच ठेवल्या, आणि जिन्याखाली उभं राहून आम्ही आतल्या गोळ्यांची अदलाबदल केली. माझ्या खऱ्या त्यांना, त्यांच्या कोऱ्या मला. म्हटलं, माझा गुडघा आता बराच आहे, कोऱ्या गोळीवर निभावून नेईन. मास्तरांचे डोळे भरून आले. मीही थोडे भरून घेतले.

आठवड्याच्या आत खाली मशीनची खडखड सुरू! मास्तरांनी एका हॉटेलच्या वेटरांचे कोट शिवायला घेतले. आणि इकडे माझा गुडघा पुन्हा तुरुंगात, शिवाय पोटात अशी आग की ही दूध घेऊन मागे फिरायची. तरी मी हूं की चूं केलं नाही. कोरीच गोळी ती, तिने दुखणं कसं थांबणार, असं म्हणत दात-ओठ आवळून जिना चढलो. त्यागी माणसाला चेहरा कसा ठेवावा लागतो तो मी आरशात बघूनही घेतला.

परवा औषध देणं संपलं आणि डॉक्टरिणीने बोलावलं. आता कोणाला काय होतं ते उघड करतात म्हणे. मास्तर कोटांत गुंतले होते, मी एकटाच गेलो. ती म्हणाली, “आजोबा, तुमची गोळी कोरी होती.”

मी म्हटलं, नीट बघा. तिने नीट बघितलं. कोरी. मग चष्मा वर सरकवत स्वतःशीच म्हणाली, “पण मग तुमच्या पोटात आग कशी झाली? ती तर खऱ्या गोळीने होते.” मी छताकडे बघत बसलो. तिथे पंखा होता, चांगला होता.

म्हणजे हिशोब लागला ना? मी नाचत होतो तो काहीच नसलेल्या गोळीवर. खरं औषध मास्तरांकडे होतं, त्याने त्यांना काडीचा गुण आला नाही, आणि मला आला तो फक्त पोटात. आज मास्तर मशीन चालवताहेत ते माझ्या उरलेल्या पिठाच्या जिवावर! एवढी चित्रं, एवढे टप्पे, खलाशी, कुत्री, मेंढ्या, आणि शेवटी गुण कशाला आला? मला हसू आलं, रडू आलं, आणि सगळ्यात आधी भीती वाटली. ती म्हणाली, मास्तरांनाही पाठवा, त्यांना सांगायचंय. त्यांची गोळी खरी होती हे ती सांगणार, आणि अदलाबदल मास्तरांना माहीत आहे, तेव्हा आपण सध्या काय खातोय हे त्यांना त्या खुर्चीतच कळणार. मग मशीनवर पुन्हा चादर, आणि गिऱ्हाईक दारात. मी म्हटलं, मास्तर मुलाकडे गेलेत, कधी येतील सांगता येत नाही.

घरी येताना मास्तरांना त्यांच्या खिडकीतूनच ओरडून सांगितलं, “माझीच गोळी खरी होती!” त्यांनी टाका न सोडता मान डोलावली. “मला काय सांगता? गुडघा सांगतोच आहे.”

संध्याकाळी आमचं दार वाजलं. उघडतो तर मास्तर. तिसऱ्या मजल्यावर! किती काळाने! धाप लागलेली, पण काठी नाही. हातात अस्तराच्या तुकड्याची पुरचुंडी. शिल्लक गोळ्या दवाखान्याला परत द्यायच्या असतात, त्या यांनी बटणांच्या डब्यात लपवल्या होत्या. म्हणाले, “तुम्ही लंगडताय आणि मी खाली खुशाल मशीन चालवतोय, हे मला दिसत नाही असं वाटलं? यातल्या अर्ध्या तुमच्या. आणि नाही म्हणालात तर कोटाला बाह्याच लावणार नाही, वेटरांना तुमचं नाव सांगेन.”

काहीच नसलेल्या गोळीच्या जोरावर तीन जिने चढून आलेला माणूस मला काहीच नसलेल्या गोळ्या देत होता. मी काय करणार? त्यांच्यादेखत एक घेतली. नंतर त्यांना सोडायला खाली गेलो, आणि दुसऱ्या मजल्यावर लक्षात आलं, की मी कठड्याला हातच लावलेला नाही.

याला शास्त्र म्हणायचं का? लावतील का हे चित्र त्या भिंतीवर, मेंढीच्या शेजारी? पिवळी, गोल, मधोमध रेघ, आणि खाली ओळ, ‘आत काही नाही’? नाही लावणार. त्यांना लाज वाटेल. असो. तुमच्या खोकल्याला जपा, मेहुणीबाईंना सांगा की दात डॉक्टरकडूनच काढून घ्या, आणि आमच्याकडून दोघांनाही जे वर लिहिलंय ते पुन्हा एकदा.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा साडू

ता. क. तुमच्या त्या यंत्रातून पिवळी, गोल, मधोमध रेघेची गोळी पडते का? नमुना अस्तराच्या तुकड्यात बांधून पाकिटात घातलाय. पेपरमिंटचा वास नको, मास्तरांचं नाक तिखट आहे. साखर अजिबात नको, त्यांची सुई विसरू नका. कसलं तरी साधं पीठ चालेल.

ता. क. २. घाई करा. बटणांच्या डब्याचा तळ दिसायला लागलाय. काल ते गिऱ्हाईक पुन्हा आलं होतं. मास्तरांनी मशीन न थांबवता सांगितलं, “रिकामं नाही.”

ता. क. ३. (हे हिचं वाचून झाल्यावर लिहिलंय.) बरण्या दोन पाठवा, दुसरी माझ्या नावाने. आत काही नाही हे मला ठाऊक आहे, मीच तर सांगतोय, पण तीच तर अडचण आहे. तेव्हा एका बरणीत तुमच्या मनाने गुडघ्याला बरं असं काहीतरी घाला, किंवा घालू नका, आणि कुठल्या बरणीत ते मला कळवू नका. मी विचारीन, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शपथा घालीन. तेव्हा सांगा, की तुम्हालाही माहीत नाही.