सुतळीची सोय

मी, खाली सही करणारा, धंद्याने काच कापणारा आणि तसबिरींना चौकटी बसवणारा, गल्लीत काचवाले म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि देताना "साप पाळता म्हणे?" असे विचारून माझ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले आहे. मला कोणी फूस लावलेली नाही की धमकावलेले नाही. मी फक्त थकलो आहे. हृदयाने हात टेकले आहेत आणि मला त्याचा राग येत नाही. वकीलबाई म्हणतात, एवढे सगळे लिहायचे नसते. लिहू द्या. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही आहे असे वाटलेच नव्हते.

१. घर. तळमजल्याच्या खोल्या माझ्या नावावर आहेत, त्या माझ्या एकुलत्या मुलीला द्याव्यात. वरचा मजला धाकट्या भावाचा आहे. जिन्यातला दिवा कोणाचा, हा वाद माझ्यापुरता मिटला असे समजावे. मुलीला अट एकच. पुढची खोली, जिथे माझे दुकान होते आणि आता काचेची पेटी आहे, ती सुतळी जिवंत असेपर्यंत भाड्याने देऊ नये. मुलीला हे फोनवर सांगितले आहे व ती हो म्हणाली आहे.

२. सुतळी कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. सुतळी हा कॉर्न स्नेक जातीचा साप आहे. बिनविषारी, मादी, रंग नारिंगी, पाठीवर विटकरी ठिपके. मुलीने कॉलेजात असताना आणली तेव्हा खरोखरच सुतळीएवढी होती. मुलगी दूरच्या नोकरीला निघाली तेव्हा दारात पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "बाबा, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. खोली मिळाली की घेऊन जाते." तिला खोली मिळाली, नवराही मिळाला, पण घरमालक असा मिळाला की त्याला मांजरसुद्धा चालत नाही. मुलीला दोष देत नाही.

पुढे तिच्या आईने अंथरूण धरले. मी दोघींचे केले, एकीचे औषधपाणी आणि दुसरीचे उंदीर. बायको गेल्यावर माणसे काही दिवस आली आणि मग आपापल्या कामाला लागली. सुतळीने मला जीव लावला असे मी म्हणणार नाही. ती माझ्या हाताला वेटोळे घालते ते हात गरम असतो म्हणून. पण ती रुसत नाही, आणि "काळजी घ्या हं स्वतःची" म्हणत घड्याळाकडे बघत नाही. ज्याने इतकी वर्षे माणसांचे केले, त्याला यात किती विसावा असतो ते सांगता येत नाही. तिचे पाणी बदलायचे म्हणून मी सकाळी उठत होतो आणि उठलोच आहे तर दाढी करत होतो.

३. समोरचे मास्तर. यांना मी दुकानातला मोठा आरसा देत आहे. एकदा झाकणाची कडी लागली नव्हती आणि सुतळी त्यांच्या बुटात जाऊन बसली, तेव्हा हे गृहस्थ खुर्चीवर उभे राहून हातातली काठी फिरवत होते व साप कुठे आहे ते न बघता स्वतःच्याच फुलदाण्यांचा संच फोडत होते. त्या वेळी आपण कसे दिसतो ते त्यांना कळावे, एवढाच हेतू. मात्र माझा जीव खरा त्या काठीत अडकला आहे. मी डोळे मिटल्यावर पहिली काठी तिथूनच येणार. आणि काठीतून वाचली, कोणी दयाळूपणे बाहेर सोडून दिली, तरी ती मरेल. तिने जन्मात शिकार केलेली नाही आणि थंडी तिला सोसत नाही.

४. निगा. पेटीची एक बाजू गरम व एक गार ठेवावी, म्हणजे तिला हवे तिथे बसेल. कडी लावल्यावर ओढून पाहावी. उंदीर फ्रीजरमध्ये निळ्या डब्यात आहेत. तो डबा एकदा माझ्या बहिणीने बर्फासाठी उघडला आणि तेव्हापासून ती आमच्याकडे पाणीही पीत नाही. उंदीर कोमट पाण्यात पुरता वितळवून, पुसून, चिमट्याने द्यावा. खाल्ल्यावर दोन दिवस तिला उचलू नये. डोळे दुधाळ झाले, खाईनाशी झाली, तर ती आजारी नाही, कात टाकणार आहे. ओलसर शेवाळ ठेवावे आणि तिला एकटे सोडावे. कात टाकण्याचे हे मी कोणासाठी लिहिले आहे ते कलम सातमध्ये येईल.

५. बँकेत जे असेल त्यातून आधी तिचे उंदीर व वीज, उरेल ते मुलीला.

६. हत्यारे. हिऱ्याची काचकापणी, पकडी, गुण्या, सगळे चौकातल्या काचवाल्या पोराला नव्हे, तर त्याच्या बायकोला द्यावे. काम ती करते. आमच्या वडिलांचे काम करायचे टेबल मात्र मी कोणालाच देऊ शकत नाही, कारण माझ्याकडे ते अर्धेच आहे. वडील गेल्यावर माझे आणि धाकट्याचे वाजले. धाकटा सुतार आहे. त्याने करवत आणली, टेबल मधोमध कापले आणि आपले अर्धे वर नेले. कापले मात्र सरळ, हे कबूल केले पाहिजे. माझ्या अर्ध्याला दोन पाय आहेत, दुसरीकडे खोकी लावली आहेत, आणि त्यावर सुतळीची पेटी आहे. तेव्हापासून आम्ही बोलत नाही.

७. सुतळी. मागच्या वर्षी मला इस्पितळात ठेवले. मुलीने फोन करून धाकट्याला गळ घातली, "काका, तेवढं पाणी बदला ना." धाकटा लहानपणापासून गांडुळालाही भितो. तरी तो वेल्डिंगवाल्याचे हातमोजे उसने आणून, पातेल्याचे झाकण छातीशी धरून रोज खाली येत होता. मी घरी आलो तेव्हा तो दारातच उभा होता.

"दादा, गेली रे ती," तो म्हणाला. "एका सकाळी बघतो तर नुसती वाळून पडलेली. माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असणार."

मी खोक्यावर बसलो आणि रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेवढ्यात पेटीतले लाकूड हलले आणि खालून नारिंगी डोके बाहेर आले.

"अरे गाढवा, ती कात होती!"

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगणार कधी? आपण बोलतो का?"

तो तणतणत वर गेला आणि पुन्हा बोलणे बंद. नंतर मी मागच्या अंगणात गेलो. नळाजवळची माती ताजी होती. उकरले तर एक लाकडी पेटी निघाली, हातभर लांब, घासून गुळगुळीत केलेली. कोपऱ्यांना खाचा एकमेकींत बसवलेल्या, एकही खिळा नाही. वडिलांनी आम्हाला शिकवलेला सांधा. आत ती कात नीट गुंडाळून ठेवली होती. आमच्या धंद्यात घाईने केलेले काम लपत नाही, आणि हे घाईने केलेले नव्हते.

ज्याला ज्या प्राण्याची भीती वाटते त्याच्या नुसत्या कातड्यासाठी जो असे काम करतो, तो त्या प्राण्याला उपाशी मारणार नाही. म्हणून सुतळी, तिची पेटी व पुढच्या खोलीचा वापर मी धाकट्या भावाला देत आहे. नको म्हणाला तर जबरदस्ती करू नये. पण तो नको म्हणाला तर काय करावे, हे मला खरेच सुचलेले नाही.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, अर्ध्या टेबलाशी.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावरील.
सही: काचवाले

साक्षीदार:
१. प्राण्यांची डॉक्टर (सही)
२. औषधाच्या दुकानाचे मालक (सही)

खालील मजकूर वेगळ्या हस्ताक्षरात:

मला साक्षीदार म्हणून खाली बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला काही मिळणार आहे, तुमची सही चालणार नाही. म्हणून सगळे वाचून पाहिले. साप सांभाळीन. हात लावणार नाही, चिमट्याने देईन. पेटी या टेबलावर ठेवणे धोक्याचे आहे, हलते. माझे अर्धे रविवारी खाली आणून जोडतो. दुसरे टोक धरायला दादा लागेल, तोवर हे पत्र कपाटात ठेवावे.

सही: धाकटा भाऊ