चाळिसावा टी-शर्ट

अनसिंग,
९ एप्रिल २०२५

प्रिय पौर्णिमा,

सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. इकडे सगळे बरे आहेत. ऊन असं तापलंय की प्रेस मशीन न लावताही कापडावर छाप बसेल. आपल्या दुकानात आता मी एकटीच असते. तुझ्या आईच्या दुखण्यासाठी म्हणून तू दिवाळीला रिठदला गेलीस, ती गेलीसच. मावशीची तब्येत कशी आहे? माझी आई रोज विचारते.

लग्नसराई आहे, त्यामुळे हळदीच्या टी-शर्टांना तोटा नाही. वाशीमचा देवमन फिल्म छापून देतो, मी ती कापडावर दाबते. परवा त्याने चाळीस पिवळे टी-शर्ट आणि फिल्मची गुंडाळी आणून टाकली. गिऱ्हाईक कोण, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फिल्म कापताना 'राजपाल' वाचलं आणि मला हसू आलं. म्हटलं, या नावाचा काय एकच माणूस असतो? त्याखाली तुझं नाव होतं. त्याखाली रिठद आणि तारीख.

पौर्णिमा, राजपाल माझ्याशी लग्न करणार हे तुझ्याखेरीज कोणाला माहीत होतं? त्याचे निरोप तूच आणायचीस, माझे तूच न्यायचीस. केसाने गळा कापलास गं!

मी देवमनला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, नवरीनंच सांगतलं ना, काम अनसिंगलेच दे. तुमच्या हातचं धुतलं तरी निघत नाही म्हणे. तुमाले नाही मालूम?"

तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून असं कळवलंस, की तुला खरंच फक्त चांगलं काम हवं होतं? दुसरं असेल, तर मी तुला कधी ओळखलंच नाही.

एकोणचाळीस नीट दाबले. चाळिसावा त्याचा होता, 'नवरदेव' लिहिलेला. ही फिल्म थंड झाल्यावरच सोलायची, हे तुला मीच शिकवलं होतं. मी ती गरम असतानाच ओढली. अर्धी अक्षरं फिल्मबरोबर निघून आली. फार बरं वाटलं. पण तो टी-शर्ट काही केल्या गठ्ठ्यात ठेवता येईना. असं काम माझ्या हातून कधी बाहेर गेलेलं नाही. शेवटी देवमनकडून कोरा टी-शर्ट आणि दुसरी फिल्म मागवली.

"काय झालं, ताई?" त्याने विचारलं.

"मशीननं दगा देला," मी म्हणाले.

आता चाळीसही नीट झालेत. देवमनबरोबर पाठवते आहे. एक दिवस धुऊ नका, नंतर उलटे करून धुवा. नावं निघणार नाहीत.

दुकानाच्या चार वर्षांत मी कामाबद्दल कोणाशी खोटं बोलले नव्हते, ते तुझ्यापायी बोलले. राजपालला एखाद्या दिवशी माफ करीनही. त्या खोट्यासाठी तुला करणार नाही.

सुकेशनी