तिसरं नको

आई, आमच्या ऑफिसात एक बोलकं यंत्र आहे आणि ते ठार बिनडोक आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ते रोज सकाळी फोन करतं, कुणाशी कन्नडमधून, कुणाशी मराठीतून, आणि विचारतं, ‘आपल्याला काही मदत हवी आहे का?’ हवी म्हटलं तर आमचा माणूस घरी जातो. ‘नको’ म्हटलं की ‘धन्यवाद, आपला दिवस शुभ असो’ म्हणून फोन ठेवून देतं, आणि यादीत नावापुढं हिरवी खूण. त्याला मराठी मी शिकवलं, तेव्हा ही अक्कलही माझीच म्हणायची.

तुझं मल्लेश्वरमचं स्वयंपाकघर आठवतं. मी आठ-नऊ वर्षांची. वरच्या मजल्यावर नव्या राहायला आलेल्या बाई आपल्याकडे बसल्यात, मी पुरणपोळीचं ताट पुढं करते, त्या ‘बेडा, बेडा’ म्हणतात, म्हणजे आपलं नको नको, आणि मी ताट घेऊन आत. तू उलथनं हातात धरून बघतच राहिलीस. ‘अगं शहाणे, ताट परत आणलंस? पहिलं नको लाजेचं असतंय, दुसरं मानाचं. तिसऱ्यांदा म्हटलं तर ते पोटाचं. जा की परत!’ गेले. दुसरं ‘बेडा’ म्हणतानाच बाईंनी हात पुढं केला होता. चांगल्या तीन पोळ्या खाल्ल्या त्यांनी.

हे आता इंदिरानगरच्या काचेच्या खोलीत कुणाला सांगू? परवा मल्लेश्वरमच्याच एक आजी पाय मुरगळून चार दिवस पलंगावर पडून होत्या, चिवडा आणि पाण्यावर. चार सकाळी यंत्रानं विचारलं, चारही सकाळी त्या म्हणाल्या, ‘नको रे बाळा, कशाला तुला त्रास.’ ते फोन मी बसून ऐकले. तिसऱ्या दिवशी त्या विचारतायत, ‘तुझा नाष्टा झाला का?’ आणि आमचं रत्न म्हणतं, ‘मी सहायक आहे, मला भूक लागत नाही.’ पाचव्या दिवशी शेजारच्या अक्कांनी त्यांचं नको-बिको ऐकून न घेता दार उघडायला लावलं, तेव्हा कळलं.

आमचे साहेब पुण्याचे, माझ्यापेक्षा चांगले दहा वर्षांनी लहान. म्हणाले, ‘ह्या जनरेशनला मशीन आणि माणूस ह्यातला डिफरन्सच कळत नाही हो. नो म्हणजे नो. आपण त्यांचा रिस्पेक्टच केला ना?’ कप्पाळ माझं! आजींना सगळं कळत होतं. सकाळी विचारपूस करायला आला त्याला नाष्ट्याचं विचारायचं, मग तो माणूस असो की डबडं, ही त्यांची रीत. कळत नाही ते ह्या दीडशहाण्यांना. मी म्हटलं, यंत्राला तीनदा विचारायला लावू या. तर म्हणे, ‘युजरला पुशी वाटेल.’ आता आजींच्या परदेशातल्या लेकीला मी उत्तर द्यायचंय, तेही साहेबांनी सांगितलेलं: मदत चार वेळा विचारली, चारही वेळा नाकारली. शब्द न् शब्द खरा. असला हलकट खरेपणा ह्या लोकांनाच जमतो.

मी तसं लिहिलं नाही. ‘तुमच्या आईंनी नाकारलं नव्हतं, आम्ही नीट विचारलं नाही,’ एवढंच लिहिलं. साहेब नाचायचे ते नाचू देत. पण ते वाक्य लिहिलं आणि हात तिथंच थांबला, म्हणून हे दुसरं पत्र काढून बसलेय. हे कुठं धाडायचं नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

तुला ताप होता. मी ह्याच इंदिरानगरात, तेव्हाच्या नोकरीत. फोनवर म्हटलं, ‘येऊ का गं?’ तू म्हणालीस, ‘नको, स्वल्प कणकण आहे. एवढ्या ट्रॅफिकमधून कशाला येतीस?’ मी म्हणाले, ‘सरी,’ म्हणजे आपलं बरं, आणि ठेवला फोन. दोन दिवसांनी आले ते सगळं संपल्यावर. तेव्हापासून विचारेल त्याला सांगत आले, आईच नको म्हणाली होती. यंत्राला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला तू स्वतः सांगितलं होतंस. तरी मी एकदाच विचारलं, कारण, आई, मला यायचं नव्हतं.