हुलगेमाळ : सध्या वस्ती नाही

१ मे, बुधवार
ग्रंथ आला! जिल्ह्याचा इतिहास, भूगोल, माणसं – सगळं एका बाडात. सांगोला तालुक्याच्या प्रकरणाखाली माझं नाव : गुरुशांत, निवृत्त भूगोल शिक्षक. समारंभात शाल दिली. एक वक्ता म्हणाला, "सरांनी वाडी न वाडी पायाखाली घातली." टाळ्या पडल्या. मी हात जोडले. ही समोरच्या रांगेत डोळे पुसत होती.

त्याने तेवढं एक म्हणायला नको होतं.

४ मे, शनिवार
दुपारी जेवण करून पडलो होतो, तर दारात दोन बायका. एक म्हातारी, चिमाबाई. बरोबर तिची नात पूनम, सांगोल्याला कॉलेजात शिकते. दोन एसट्या बदलून, पत्ता विचारत विचारत आलेल्या. "हुलगेमाळावरनं आलोय जी," म्हातारी म्हणाली. नाव ऐकलं आणि मी उठून बसलो.

हिने पाणी दिलं. चिमाबाईने तांब्या दोन्ही हातांनी धरला, एक थेंब सांडू दिला नाही.

ग्रंथासाठी वाड्यांची पाहणी करून आम्ही भरलेले तक्ते तहसील कचेरीतही गेले होते, हे मला माहीत होतं. त्यांवरून पाण्याच्या टँकरची यादी होईल हे कुठं माहीत होतं! माझ्या तक्त्यात हुलगेमाळापुढे तीन शब्द आहेत – 'सध्या वस्ती नाही'. यंदा टँकर गेलाच नाही.

"त्ये आमी सोसलं," चिमाबाई म्हणाली. "पर पीरसाबवर आळ आलाय बगा. टँकर चालिवतो. खालच्या गावची खेप झाली की उरल्यालं पाणी आमच्या बॅरलात सोडून जायाचा. आता सायेब म्हणत्यात, तितं माणूसच न्हाय तर पाणी दिलं कुणाला? चोरून इकलंस! घरी बसिवलाय त्येला."

पूनमने मोबाइलवर माझ्याच पानाचा फोटो दाखवला. "सर, आम्ही त्रेसष्ट माणसं आहोत तिथं."

मी काय म्हणालो? म्हणालो, "मी आलो तेव्हा कुणी दिसलं नाही."

"आसंल की," म्हातारीने लगेच मान्य केलं! "दिवाळी झाली की गडीमाणसं मेंढरं घिऊन जात्यात. आमी म्हातारी, पोरीबाळी रानात गेलो आसू. तुमी सायबांना एक सबूद सांगा, एवढंच."

सांगतो म्हणालो. त्या गेल्यावर हिने विचारलं, "तुम्ही गेला होतात ना हो तिथं?" "मग! गेलो नाही तर काय?" – ओरडलोच तिच्यावर.

५ मे, रविवार
इथं तरी खरं लिहितो. गेलो नव्हतो. जानेवारीतली गोष्ट. जीप ओढ्यापाशी थांबली, पुढं दोन किलोमीटर चढ. गुडघा ठणकत होता. त्या दिवशी आणखी वाड्या उरकायच्या होत्या. फाट्यावरच्या टपरीवाल्याला विचारलं, वर कोण राहतं? तो म्हणाला, "समदी मेंढरं घिऊन गेली की." समदी! तेवढ्यावर मी लिहून मोकळा झालो. पुढच्या रकान्यात 'प्रत्यक्ष भेट' असं छापलं होतं. तिथं 'होय' लिहिलं. चहा पीत पीत लिहिलं. चहा चांगला होता, तेसुद्धा आठवतंय.

बत्तीस वर्षं शिकवलं. पोरांना सांगायचो, नकाशा पायांनी वाचा.

७ मे, मंगळवार
कचेरीला पत्र टाकलं – 'सर्वेक्षणानंतर तेथे लोक परत आले असावेत.' असावेत! लबाडी ती लबाडी, वर भाषा शुद्ध.

९ मे, गुरुवार
चौकशीसाठी सांगोल्याला बोलावलं. साहेब तरुण, अदबीनं बोलणारे. तक्ता समोर ठेवला. "सर, जानेवारीत आपण स्वतः पाहणी केली होती?"

एक शब्द होता. नाही म्हणायचं. तोंडातून आलं – "होय."

बाहेर बाकावर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, दाढी पिकलेली. मला पाहून ताडकन उठला. वाकून पायाला हात लावला. "सर, वळखलं का? पीरसाब. मोडनिंबच्या शाळेत सातवी ब. तुमी मला नद्यांचा नकाशा काढाया लावला हुता फळ्यावर."

ओळखलं नाही. ओळखलं म्हणालो.

"सर, तुमी मनाला लावून घिऊ नका," तो मला म्हणतोय! "मी सायबांना सांगितलं, आमचं सर खोटं लिव्हणार न्हाईत. तवा नसंल कुणी घरी. माझं नशीब, दुसरं काय!"

तो आत गेला. मी एसटीत बसलो. सोलापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं, पण काही दिसलं नाही.

१० मे, शुक्रवार
जेवलो नाही. हिला सगळं सांगितलं. तिने माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "ती शाल कपाटातून काढा. मला बघवत नाही."

१२ मे, रविवार
हुलगेमाळावर गेलो. ओढ्यापासून चालत. पाऊण तास लागला, वाटेत तीनदा बसलो. पाऊण तास! एवढ्यासाठी.

चौदा घरं. कुडाची काही, काही दगडी, पत्र्याची दोन. अंगणात निळी बॅरलं, सगळी रिकामी, आडवी पाडलेली. बायका खालच्या विहिरीवर गेलेल्या, दिवसातून तीन फेऱ्या. येडू म्हणून सर्वांत म्हातारा, त्याने घोंगडं अंथरलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं, मेंढरांच्या पाण्यासाठी काढलेला चर, बिरोबाच्या देवळाचे दगड पाठीवरून कुणी कुणी आणले – त्याला सगळं तोंडपाठ. मी विचारलं नव्हतं, तरी सांगत होता. हे सगळं माझ्या प्रकरणात हवं होतं. त्या जागी तीन शब्द आहेत.

चिमाबाईने घरात होतं ते पाणी पुढं केलं. पिववेना. तिथंच सांगून टाकलं – "मी जानेवारीत वर आलोच नव्हतो. खालूनच परत गेलो. खोटं लिहिलं."

मला वाटलं होतं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. येडू नुसता ओढ्याकडे बघत राहिला. शेवटी पूनम म्हणाली, "सर, हे इथं नको. तिकडं सांगा."

उतरताना कुणी निरोप द्यायला आलं नाही.

१४ मे, मंगळवार
कचेरीत लेखी दिलं. 'मी हुलगेमाळ येथे प्रत्यक्ष गेलो नव्हतो. तक्त्यातील नोंद व दि. ९ रोजीचे माझे सांगणे, दोन्ही खोटे आहे.' खाली सही. सही ओळखू येईना, म्हणून पुन्हा करावी लागली. साहेबांनी दोनदा वाचलं. खुर्चीवर बसा म्हणाले नाहीत आज.

१८ मे, शनिवार
टँकर सुरू झाला. पूनमचा फोन – "काल पीरसाबचाचाच घेऊन आले." आनंद झाला. आनंद व्हायचा मला काय अधिकार, असंही वाटलं.

संध्याकाळी पीरसाब स्वतः घरी आला. हिने चहा ठेवला. तो कपाकडे बघत बसला. "सर, धा लोकांना सांगितलं हुतं मी. सर खोटं लिव्हणार न्हाईत म्हणून."

"चुकलं माझं, पीरसाब."

"व्हय," तो म्हणाला. एवढंच. रागाने नाही. उठला, सलाम केला, गेला. या खेपेला वाकला नाही. चहा तसाच.

२१ मे, मंगळवार
हुलगेमाळ एकटा नाही. आणखी अकरा वाड्या मी न पाहता लिहिल्या आहेत – या वहीपासूनही लपवलं होतं. सकाळी अकरांची नावं लिहून साहेबांच्या हातात दिली. त्यांतल्या चारांपुढे 'सध्या वस्ती नाही' आहे.