गॅलरी, कॅमेरा आणि गुलाबी फडकं

मी, खाली सही करणार, वय सत्तरीच्या पुढे, धंदा केबलचा (आता बंद), राहणार याच घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हातानं लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्या म्हणाल्या, "काका, डोकं उत्तम आहे, फक्त दमलंय." मी म्हटलं, मग तसंच लिहा की. त्यांनी लिहिलं नाही. त्यांच्या दवाखान्याला कारखान्यानं पंखे दिलेत, तेव्हापासून त्या जपूनच लिहितात. सही वाचता येत नाही अशी वकीलबाईंची तक्रार आहे, पण गल्लीत मला नावानं कोणी हाक मारतच नाही. केबलवाले काका म्हटलं की झालं.

"कोणाच्याही दडपणाखाली न येता" हे शब्द वकीलबाईंनी घालायला लावले. घालताना हसू आलं. उभा जन्म धंदा दडपणाखाली केला आणि मरणाचा कागद तेवढा मोकळेपणानं लिहितोय. असो.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिलं, घर. तिसऱ्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं, मागे गॅलरी असलेलं हे घर माझ्या स्वकष्टाचं आहे. वाडवडिलांकडून मला फक्त दमा आला, त्यामुळे भाऊबंदांनी कोर्टाची पायरी चढू नये. माझ्या पश्चात माझी पत्नी हयात असेपर्यंत इथेच राहील. तिला कोणी हलवायचं नाही, "थोडे दिवस आमच्याकडे ये" अशा गोड शब्दांतही नाही. तिच्यानंतर घर कोणाचं, ते शेवटच्या कलमात लिहितो. खरं तर तेवढं एक कलम लिहायलाच बसलोय.

पण आधी गॅलरीचं सांगायला हवं. गॅलरीतून कारखान्याचा नाला दिसतो. भिंतीतून एक मोठा पाइप बाहेर आलाय, त्याचं पाणी नाल्यात पडतं, नाला नदीला मिळतो, आणि तिथून थोडं खाली आपल्या सगळ्यांच्या नळाचं पाणी उचलतात. हा काही माझा शोध नाही. चहाचा कप घेऊन उभं राहिलं की दिसतं.

एका वर्षी पाइपातून लाल पाणी आलं आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत घरटी एक माणूस आडवा. पेपरात छापून आलं, उन्हाळ्याचा त्रास. टीव्हीवर सांगितलं, लोक हात धुवत नाहीत. मधल्या वेळात कारखान्याची जाहिरात, हसरी पोरं ओंजळीनं पाणी पिताहेत. माझं डोकं फिरलं. पण मी कोण? मला ना बातमी देता येते ना भाषण करता. माझ्याकडे लग्नाचं शूटिंग करायचा एक जुना कॅमेरा होता आणि केबलवर एक चॅनेल रिकामं होतं. कॅमेरा गॅलरीच्या कठड्याला बांधला, तोंड नाल्याकडे केलं, वायर रिकाम्या चॅनेलला जोडली. आवाज नाही, एक अक्षर नाही. दिवसभर नुसता नाला.

बायका चॅनेल लावून बघायला लागल्या. रंग दिसला की उद्याचं पाणी आजच भरून ठेवायचं. इतकंच. त्यानंतरही लाल पाणी आलं, हिरवं आलं, एकदा तर जांभळं आलं, पण गल्ली पुन्हा तशी आडवी झाली नाही.

कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसते म्हणून पत्नी रोज सकाळी ती पुसते. फडकं गुलाबी आहे. पुसताना सगळ्यांच्या टीव्हीवर क्षणभर गुलाबी होतं, मग बाजूला सरकणारा तिचा हात दिसतो, मग नाला. "गुलाबी झालं, उठा आता," असं म्हणून आया पोरांना उठवायच्या. हिला याचा कोण अभिमान! सणावाराला घालायची बांगडी ती आधी काच पुसताना घालते.

कलम दुसरं. माझ्याकडचा जुना मोठा टीव्ही, ज्यावर आता फक्त मुंग्या दिसतात, तो सरकारी कचेरीतल्या साहेबांना द्यावा. साहेब आता निवृत्त आहेत, वेळ भरपूर असेल. नोकरीत असताना त्यांचा फोन यायचा, "काय हो, अमक्या चॅनेलचं चित्र आज जरा खराब दिसतंय, नाही?" पहिल्यांदा मी भाबडेपणानं म्हटलं, छान दिसतंय की साहेब. मग लायसनची मुदत संपत आल्याची आठवण करून दिली त्यांनी. पुढे फोन आला की मी निमूटपणे त्या चॅनेलवर मुंग्या सोडायचो. लोक मला शिव्या घालायचे, की काका, पैसे घेता आणि केबल सांभाळता येत नाही का. साहेबांचं नाव कधीच खराब झालं नाही. टीव्हीवरचं चित्र त्यांच्या आवडीचं आहे, त्यांनी ते निवांत बघावं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगतो. ते एकदा कॅमेरा बंद करायला स्वतः घरी आले होते.

"हे काय दाखवता?"

"नाला."

"बातम्या दाखवायची परवानगी नाही तुम्हाला."

"बातमी कुठाय साहेब यात? असेल तर सांगा, काय बातमी आहे ती. लगेच बंद करतो."

साहेब पडद्याकडे बघत बसले. पाणी तेव्हा शेवाळी रंगाचं होतं. बातमी आहे म्हणावं तर काय ते लिहावं लागणार. हिनं पाण्याचा पेला पुढे केला. "नको, घरून पिऊन आलोय," म्हणाले आणि उठले. पुन्हा आले नाहीत.

कलम तिसरं. सेट-टॉप बॉक्स आणि रिमोट वरच्या मजल्यावरच्या काकूंना. त्यांची माझ्याशी बोलाचाली बंद आहे, कारण त्यांच्या मालिकेतला इंजिनियर. तो एका कारखान्यातली गळती शोधत होता, काकू जेवणखाण सोडून बघत होत्या. मध्येच मालिकेचा जाहिरातदार बदलला. दुसऱ्याच सोमवारी इंजिनियरची मोटार झाडावर आदळली, त्याची स्मृती गेली, आणि शुद्धीवर आल्यावर तो गाणं शिकवायला लागला. कारखान्याचं पुढे कोणी नावच काढलं नाही. काकूंचं म्हणणं, मधले भाग मी कापले. अहो काकू, मी वायरी जोडणारा माणूस, माझ्या हातात असतं तर त्याला झाडावर आदळू दिलं असतं का?

कलम चौथं. शिडी, कटर, वायरीची बंडलं आणि हातोडी माझ्या जुन्या जोडीदाराला. मोठी केबल कंपनी आली तेव्हा त्यानं मला न विचारता त्याच्या अर्ध्या लाइनी विकल्या आणि माझ्या अर्ध्या लंगड्या पडून शेवटी त्याही कंपनीकडेच गेल्या. कंपनीनं पहिल्याच महिन्यात नाल्याचं चॅनेल यादीतून काढलं. "तांत्रिक कारणास्तव." तेव्हापासून आम्ही समोरासमोर आलो की एक जण रस्ता ओलांडतो. पण शिडी दोघांनी मिळून घेतली होती, आणि त्याच्या मुलीच्या आजारपणात त्याला पैसा हवा होता हे मला उशिरा कळलं. शिडी पूर्ण त्याची. तिसरी पायरी सैल आहे, जपून म्हणावं.

कलम पाचवं. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलीला. ती परगावी नर्स आहे. यादीतून चॅनेल गेल्यावर तिनंच हा नाला इंटरनेटवर चढवला, फोनवर दिसायला लागला, आणि गल्लीच काय, नदीकाठची खालची गावंसुद्धा बघायला लागली. इंटरनेटवरच्या त्या खात्याचा ताबाही तिच्याकडेच राहील. तक्रारी करून खातं दोनदा बंद पाडलं, तिनं दोन्ही वेळा परत उघडलं. पोरगी हट्टी आहे, आईवर गेली आहे.

इंटरनेटवर आल्यावर चित्राखाली लोक लिहायला लागले. पहिल्यांदा बरं वाटलं. मग एकाएकी कुठून कुठून माणसं उगवली. म्हातारा परक्यांचे पैसे खातो. म्हातारा विकासाच्या मुळावर उठलाय. सगळ्यांची भाषा इतकी सारखी, जणू एकाच मास्तरांच्या वर्गातली पोरं. मी मनाला लावून घेतलं नाही. पण एक दिवस कोणा "सत्यप्रेमी"नं लिहिलं, म्हातारा काचेवर रंग चढवतो, मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचं फडकं करून म्हातारीकडून रोज रंग लावून घेतो.

फडकं मुलीच्या शाळेच्या फ्रॉकचंच आहे. पण ते घरातल्या चौघांशिवाय कोणालाही माहीत नाही.

मुलीचा फोन आला. "बाबा, वाचलंत?" "वाचलं." "फ्रॉक..." "हो." फोन तिनंच ठेवला. हिला मी सांगितलं नाही. त्या दिवशी तिनं काच जरा जास्तच वेळ पुसली, त्यामुळे तिला कळलंय की नाही, देव जाणे.

मुलगा कारखान्याच्या जनसंपर्क खात्यात आहे. दिवसभर वेगवेगळ्या नावांनी फोनवर लिहितो, त्याचा पगार मिळतो. रविवारी आला तेव्हा विचारलं. पोरगा खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

"बाबा, ते काम आहे माझं. मनाला लावून घ्यायचं नसतं. मी नाही लिहिलं तर दुसरा कोणीतरी लिहील."

"दुसऱ्याला फ्रॉक माहीत नव्हता."

त्यानं पिशवी जवळ ओढली. मग म्हणाला, "आणि पाणी एवढं काही वाईट नसतं हो."

"मग घे पेलाभर."

घेतलं नाही. त्याच्या पिशवीत विकतची बाटली होती. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला फार दमल्यासारखं झालं. या पोराला मी खांद्यावर बसवून गच्च्यांवर वायरी ओढल्यात.

जाता जाता त्यानं दुसरा विषय काढला. कारखान्याला पाहुण्यांसाठी हे घर विकत हवंय, भाव चांगला देतील. जिना चढताना धाप लागते असं हे घर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि त्यांच्या पाहुण्यांना नेमकं नाल्याकडेच तोंड करून झोपायचंय! "आईच्या डोळ्यांचंही ऑपरेशन होऊन जाईल," तो म्हणाला. हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय हे खरं आहे. काच ती अजून पुसते, पण रंग मला विचारते. "आज कसलं हो?" मी सांगतो. मी नसल्यावर कोणाला विचारणार, हाच माझ्या जिवाला घोर आहे. म्हणून पुढचं कलम.

कलम सहावं आणि शेवटचं. पत्नीच्या पश्चात हे घर, गॅलरी आणि कॅमेऱ्यासकट, माझ्या मुलाला मिळावं. वकीलबाईंनी हे वाचून चष्मा काढला. "काका, मुलाला? मुलगी आहे की." विचार करून लिहितोय म्हटलं.

अट अशी. माझ्या मृत्यूनंतर मुलानं या घरात आईजवळ राहायला यावं, आणि रोज सकाळी कॅमेऱ्याची काच स्वतःच्या हातानं पुसून आईला पाण्याचा रंग सांगावा. खरा रंग. फडकं तेच वापरावं, विरलं तर फ्रॉकची बाही अजून ट्रंकेत आहे. आजारपण सोडून त्यानं हे टाळलं, किंवा कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं, तर घर मुलीचं. हात कोणाचा, यावर वाद होणार नाही. लहानपणी माझ्याबरोबर गच्चीवर आला असताना लोखंडी दारात त्याची करंगळी चेमटली, ती तेव्हापासून वाकडी आहे. फडकं सरकलं की ती करंगळी सगळ्यांना दिसेल. गल्लीतल्या कोणाचीही साक्ष धरावी.

वकीलबाई म्हणाल्या, असली अट कोर्टात टिकेलच असं नाही. नाही टिकली तर नाही टिकली. मी चोरून काही करत नाही, मुलाला परवा बोलावून हे कलम वाचून दाखवलं.

"हे म्हणजे मला गल्लीसमोर उभं करणं झालं, बाबा."

"उभं कुठे करतोय? हात तेवढा दिसेल."

"कंपनीत कळेल."

"कळणारच. सगळ्यांच्या आधी तेच लावून बसतात."

"नोकरी जाईल माझी!"

"म्हणून तर घर देतोय तुला."

तो उठला. गॅलरीत जाऊन उभा राहिला, कठड्यावर फडकं वाळत घातलं होतं त्याच्या शेजारी. ही आतून म्हणाली, "अरे, आलाच आहेस तर जेवून जा." तो जेवला. काय ठरवलं ते सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. माझा तो मुलगा आहे, त्याला मी घराबाहेर काढत नाही, एवढं त्याला कळावं म्हणून इथे पुन्हा लिहितो.

मी गेल्यावर पेपरात फोटो छापू नये. त्याच पानावर कारखान्याची जाहिरात असते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वर लिहिलेलं सगळं मी दोन वेळा वाचलं आहे, खाडाखोड माझीच आहे.

स्थळ: गॅलरीलगतची खोली.
दिनांक: १९ नोव्हेंबर, दुपार.
सही: (केबलवाले काका)

साक्षीदार पहिले, तळमजल्यावरचे शिंपी: यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर आहेत, चहा स्वतः करून पाजला.

साक्षीदार दुसऱ्या, डॉक्टरीणबाई: यांनी माझ्यासमोर सही केली. प्रकृती ठीक, माणूस दमलेला आहे. सही झाल्यावर मी गॅलरीत गेले होते. आज पाणी विटकरी आहे. मी स्वतः पाहिलं.